मानसशास्त्राचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांस खुले पत्र: अपसामान्यतेची ही व्याख्या बदला

प्रति,
मानसशास्त्राचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या आणि आदर्श उत्तरे तयार करणाऱ्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेली चोवीस वर्षे मी मानसशास्त्र शिकवते आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. या काळात पाठ्यपुस्तक अनेकदा बदलले, आणि आपण केलेला प्रत्येक बदल मला पटला नाही तरी तो मी वर्गात प्रामाणिकपणे शिकवला. सुधारित आवृत्तीतील एक बदल मात्र मला गप्प राहून स्वीकारता येत नाही. पूर्वी अपसामान्य वर्तनाच्या प्रकरणात चार निकष शेजारी शेजारी मांडलेले होते: वर्तन संख्येने विरळ आहे का, ते समाजाच्या संकेतांत बसते का, त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा त्रास होतो का, आणि तिचे रोजचे जगणे त्यामुळे अडते का. अभ्यासक्रमाचा भार कमी करायचा म्हणून आपण त्यातले तीन गाळले आणि एकच ठेवला. आता विद्यार्थ्यांनी पाठ करायचे वाक्य असे आहे की समाजमान्य संकेतांपासून ढळलेले वर्तन म्हणजे अपसामान्य वर्तन. याबद्दल मी दोनदा रीतसर पत्र लिहिले. दोन्ही पत्रांना मिळून एका ओळीचे उत्तर आले: व्याख्या सोपी आहे आणि मुलांच्या लक्षात राहते. ती लक्षात राहते हे मलाही मान्य आहे, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

हे पत्र लिहायला भाग पाडले ते एका उत्तरपत्रिकेने. पाच गुणांचा प्रश्न होता, व्याख्या सांगून उदाहरणासह स्पष्ट करा असा. डावीकडे झुकलेल्या अक्षरात त्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने आधी पुस्तकातली व्याख्या लिहिली होती, मग तिच्यावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारून खाली नव्याने सुरुवात केली होती. नियम मोडणे आणि मनाने आजारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काही माणसे सगळे नियम पाळता पाळताच आजारी पडतात, म्हणून आधी त्या माणसाला काय होते आहे ते विचारावे, अशा आशयाचे ते दीड पान होते. मी चार गुण दिले. आदर्श उत्तरात हे बसत नाही म्हणून नियामकांनी, म्हणजे आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणाऱ्यांनी, ते खोडून एक केला आणि शेजारी सही केली. नियामकांचा यात दोष नाही, कारण आपण दिलेल्या आदर्श उत्तराप्रमाणे त्यांनी काम केले.

ज्याला एक गुण मिळाला त्याने लिहिलेले मला इतके का लागले, हे सांगितल्याशिवाय माझी बाजू पूर्ण होणार नाही. आम्ही तीन भावंडे. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून कमी बोलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेने एकटाच फेऱ्या मारायचा आणि त्या मोजायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात एकदा पेन्सिलीने ‘असामान्य वर्तन, दाखवून घ्यावे’ असे लिहून आले. त्यानंतर दोन वर्षे त्याला एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे नेले गेले, वर्गात झोप येईल अशा गोळ्या त्याला दिल्या गेल्या. त्या दोन वर्षांत त्याने स्वतःहून एकच तक्रार केली, आणि ती त्या गोळ्यांची होती. त्याला कशाचा त्रास होतो हे त्याला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तो इतरांसारखा नाही एवढे सगळ्यांना दिसत होते, आणि तेवढे पुरेसे मानले गेले.

ताईचे नेमके उलटे झाले. ती कुठल्याच संकेतापासून ढळली नाही. अभ्यासात पुढे, बोलण्यात मऊ, वेळेवर उठणारी, सांगितलेले काम न विसरणारी. पाहुण्यांसमोर आम्हा दोघांना तिचे उदाहरण दिले जाई. ती चार वर्षे नैराश्यात होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. तिच्या हातातल्या घड्याळाचा पट्टा सैल होत गेला तसतशी तिने खिळ्याने त्याला नवी भोके पाडली होती, आधी एक, मग दुसरे, आणि शेवटचे तर पट्ट्याच्या अगदी मध्याजवळ. ते घड्याळ रोज आमच्या डोळ्यांसमोर होते. रात्री उशिरा न्हाणीघरातला नळ बराच वेळ चालू असायचा तोही आम्ही ऐकत होतो, पण ताई टापटिपीची आहे, काहीतरी धूत असेल, असे आम्ही समजत होतो. अखेर तिला उपचार मिळाले आणि ती सावरली, पण त्यातली चार वर्षे तिला परत मिळाली नाहीत. एकाच घरात एकाच व्याख्येने एका मुलाला नसलेला आजार चिकटवला आणि एका मुलीचा असलेला आजार झाकला, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून ती व्याख्या फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळतो.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की ज्या समाजाचे संकेत आपण मोजपट्टी म्हणून हाती घेता, ते संकेत कोणी ठरवले हा प्रश्न या व्याख्येत उरतच नाही. इतिहासात त्याचे उत्तर पुन्हा पुन्हा एकच आले आहे: ज्याच्या हाती सत्ता, त्याने. अमेरिकेच्या दक्षिण भागातील डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा मानसिक आजार मांडला. गुलामाने मालकापासून पळून जाणे हे त्या आजाराचे लक्षण होते, आणि तो होऊ नये म्हणून सुचवलेल्या उपायांत चाबकाचे फटके होते. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या समाजाच्या संकेतांशी ताडून पाहिले तर कार्टराइट यांचे निदान आपल्या व्याख्येत तंतोतंत बसते. गुलामाने पळू नये हाच तेथला संकेत होता. आपल्या पुस्तकातली व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी कार्टराइट यांना चूक कसा ठरवणार, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, १८६० मध्ये एलिझाबेथ पॅकार्ड या स्त्रीला तिच्या पतीने वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले. पती धर्मोपदेशक होता, आणि त्याची धर्ममते तिला मान्य नव्हती हे ती उघडपणे बोलून दाखवत असे. तेथील कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला दाखल करायला पतीची मागणी पुरेशी होती. जाहीर सुनावणीची गरज नव्हती. तीन वर्षे ती आत राहिली. बाहेर आल्यावर पतीने तिला घरातच कोंडले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८६४ मध्ये पंचांनी ती शहाणी आहे असा निर्णय दिला. त्यांना विचारविनिमयाला सात मिनिटे लागली. तीन वर्षे आणि सात मिनिटे, हे दोन आकडे मी दरवर्षी वर्गात सांगते. त्या तीन वर्षांत तिच्या मनाची तपासणी करायला कोणाची ना नव्हती. पण पत्नीने पतीशी मतभेद ठेवू नये हा संकेत तिने मोडला होता आणि तिला आत ठेवायला तेवढे कारण पुरले.

विसाव्या शतकात सोव्हिएत संघात ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ या निदानाखाली राजवटीवर टीका करणाऱ्यांना मनोरुग्णालयात डांबले गेले. व्यवस्था सुधारण्याचा ध्यास धरणे हेच लक्षण म्हणून नोंदवले जाई. प्योत्र ग्रिगोरेन्को हे सैन्यातले जनरल; त्यांनाही असेच आजारी ठरवले गेले, आणि पुढे अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या इच्छेने मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासले तेव्हा आजाराचा पुरावा सापडला नाही. १९७७ मध्ये होनोलुलू येथे जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेने या गैरवापराचा निषेध केला. ज्यांनी ही निदाने केली ते सगळेच दुष्ट होते असे मी मानत नाही. वेगळा विचार करणारा माणूस आजारीच असला पाहिजे, असे त्यातल्या काहींना मनापासून वाटत असणार, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटते.

समलैंगिकतेचा इतिहास आपल्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत निदान दोन ओळींत होता, नव्या आवृत्तीत तोही नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९५२ पासून समलैंगिकता मनोविकार म्हणून नोंदलेली होती. १९५७ मध्ये एव्हलिन हुकर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने एक साधे काम केले. तीस समलैंगिक आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि कोणती चाचणी कोणाची हे न सांगता त्या नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना दोन गट वेगळे ओळखता आले नाहीत, आणि समायोजनातही दोन गटांत फरक दिसला नाही. वरची चिठ्ठी काढून घेतल्याबरोबर आजार दिसेनासा झाला, कारण तो त्या माणसांत नव्हताच. तरीही नोंद काढायला १९७३ उजाडले, त्या निर्णयाविरुद्ध १९७४ मध्ये सदस्यांचे मतदान घ्यावे लागले आणि ५८ टक्के मतांनी तो टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणातून ही नोंद काढली ती १९९० मध्ये. या सगळ्या वर्षांत किती माणसांवर ‘उपचार’ झाले असतील याचा विचार आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही, कारण तो विचार सुरू झाला की पुस्तकातली व्याख्या टिकत नाही.

दुसरी तक्रार मी ताईच्या निमित्ताने आधीच मांडली आहे, पण ती तिच्यापुरती नाही. नैराश्य, चिंता, जेवण तोडून शरीर झिजवणे, मनात ठाण मांडून बसलेले नको ते विचार, यांतले बरेचसे आजार बाहेरून शिस्तीसारखे, कष्टाळूपणासारखे किंवा सोशिकपणासारखे दिसतात. अशा माणसाचे समाज कौतुक करतो. संकेत हीच कसोटी धरली तर ही माणसे कधीच आपल्या नजरेला पडणार नाहीत, आणि ज्यांना मदत हवी आहे त्यांनाही आपण आजारी असू शकतो हे कळणार नाही, कारण पुस्तकात सांगितलेले काहीच त्यांनी केलेले नसते.

तिसरी तक्रार वर्गातली आहे. हे प्रकरण शिकवून झाले आणि मी उदाहरणे विचारली, तेव्हा कोणी तोंडाने काही बोलले नाही, पण दहा-बारा माना एकाच वेळी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे बसणारा मुलगा वहीत खाली बघत राहिला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात आपण एक शास्त्रीय वाटणारा शब्द देतो आणि तो कोणाला लावायचा याची परवानगीही त्यांनाच देतो. त्या दिवशी मी धडा तिथेच थांबवला. माझ्या भावाच्या प्रगतिपुस्तकावर पेन्सिलीने शेरा लिहिणाऱ्या शिक्षकांनीही विद्यार्थिदशेत अशीच एखादी व्याख्या पाठ केली असावी, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. चोरी करणारा, लाच घेणारा, रांग मोडणारा समाजाचे संकेत मोडतो, पण तो आजारी नसतो. त्याला जबाबदार धरावे लागते. आजार आणि अपराध यांतली रेघ पुसली की एकीकडे अपराध्याला पळवाट मिळते आणि दुसरीकडे आजारी माणसाला बोलणी खावी लागतात.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की संस्कृतीचा विचार मानसशास्त्रातून काढून टाकता येत नाही, आणि मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९३४ मध्येच दाखवून दिले होते की एका समाजात जे अपसामान्य समजले जाते त्याला दुसऱ्या समाजात मानाचे स्थान असते. हे मला पूर्ण मान्य आहे. पण बेनेडिक्ट यांचे निरीक्षण समाजांविषयी होते. त्यातून एखाद्या व्यक्तीच्या मनाचे निदान करण्याचा अधिकार मिळत नाही. संकेतांचे ज्ञान तज्ज्ञाला लागतेच, पण माझ्या समजुतीप्रमाणे त्याची जागा वेगळी आहे. १९७१ मध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधील जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवत होते, काहींना तो दिसत होता, काहींना त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि बहुतेकांनी हे कोणाला सांगितलेलेच नव्हते. दुःखात असे होते, आणि अनेक समाजांत ते स्वाभाविक मानले जाते, हे ठाऊक असलेला तज्ज्ञ त्या माणसावर मनोविकाराचा शिक्का मारणार नाही. म्हणजे समाजाचे संकेत निदान टाळायला उपयोगी पडतात. तेच संकेत निदान करायला वापरले की पॅकार्ड आणि ग्रिगोरेन्को यांच्यासारख्यांची वेळ येते. हा फरक सोळा वर्षांच्या मुलांना कळत नाही असे मला वाटत नाही. रेघ मारून नव्याने लिहिणाऱ्याला तो कळला होता.

शिवाय ज्या शास्त्राच्या नावाने आपण ही व्याख्या शिकवतो त्या शास्त्राने ती केव्हाच मागे टाकली आहे. १९८० च्या डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीतच असे स्पष्ट केले गेले की व्यक्ती आणि समाज यांच्यातला संघर्ष एवढेच कारण असेल तर तो मनोविकार नव्हे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही राजकीय, धार्मिक वा लैंगिक वेगळेपणाबद्दल हीच भूमिका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांत म्हटले आहे की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा मानसिक आजाराच्या निदानात कधीही निर्णायक घटक असू नये. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम ३ मध्येही याच आशयाची मनाई आहे. जी कसोटी लावून निदान करायला कायद्याने बंदी आहे तीच कसोटी पूर्ण गुणांचे उत्तर म्हणून शिकवली जाते, ही विसंगती आपल्या लक्षात आली नसेल तर ती मी या पत्रातून आपल्या नजरेस आणून देते.

माझ्या मागण्या अशा आहेत. गाळलेले तीन निकष पुढच्या छपाईत परत घ्यावेत आणि त्यांत व्यक्तीला होणारा त्रास व जगण्यात येणारा अडथळा यांना पहिले स्थान द्यावे. सामाजिक संकेतांचा निकष पुस्तकात राहू द्यावा, पण तो कोणी कसा वापरला याचा इतिहास, निदान कार्टराइट आणि १९७३ चा निर्णय, त्याच्या सोबत छापावा; एका पानात ते मावते. मनोविकाराच्या व्याख्येचे अभ्यासक जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचारही द्यावा, कारण आजार म्हणण्यासाठी आतली एखादी प्रक्रिया बिघडलेली असली पाहिजे आणि त्यातून हानीही होत असली पाहिजे, या दोन्ही अटी एकत्र घालणारी ती मांडणी विद्यार्थ्यांना सहज समजते. भार कमीच करायचा असेल तर शास्त्रज्ञांच्या जन्ममृत्यूची साले गाळावीत. या प्रकरणावर वर्गात उदाहरणे मागताना ओळखीच्या व्यक्तींची उदाहरणे घेऊ नयेत, अशी स्पष्ट सूचना शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत द्यावी. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे आदर्श उत्तर बदलावे, कारण पुस्तक छापायला वर्ष लागेल, पण आदर्श उत्तर बदलायला एक बैठक पुरते.

ती बैठक होईपर्यंत मी काय करणार हे आपल्याला आधीच कळवणे मला योग्य वाटते. पुढच्या परीक्षेत पुस्तकातली व्याख्या लिहिणाऱ्याचे गुण मी कापणार नाही, कारण ती आपण शिकवली आहे. पण जो विद्यार्थी ती व्याख्या नाकारून कारणे देईल त्यालाही मी पूर्ण गुण देईन, आणि ते गुण खोडले गेले तर प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे एक लेखी हरकत नोंदवीन. त्या हरकतींची उत्तरे द्यायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढीच विनंती.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक शिक्षिका